झिजलेल्या देवांचा वाडा

पुण्याला देवांची टंचाई कधीच नव्हती. उपाशी विठोबा आहे, पासोड्या विठोबा आहे, खुन्या मुरलीधर आहे, जिलब्या मारुती आहे, सोट्या म्हसोबा आहे. पेठांमध्ये पत्ता सांगायचा तर देवाचं नाव घेतल्याशिवाय भागत नाही. हाकेच्या अंतरावर इतके देव असताना ते बघायला तिकीट काढून कोण जाईल? बाजीराव रस्त्यालगत, शुक्रवार पेठेतल्या नातूबागेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. तिथं येणारी मंडळी मस्तानी महालासाठी येतात, अडकित्त्यांपुढे उभं राहून हसतात, स्वयंपाकघरातली भांडी ओळखून ‘आमच्याकडे होतं हे’ म्हणतात आणि बाहेर पडून मिसळ खायला जातात. त्यात गैर काही नाही. पण हा वाडा म्हणजे आपल्या घरांतल्या धार्मिक कलेचं मोठं भांडार आहे, हे त्या गडबडीत निसटतं. ती कला एका दालनात मावणारी नाही. ती दिव्यांत आहे, दारांत आहे, काचेवरच्या चित्रांत आहे, पाय घासायच्या वज्रीवरच्या हत्तीत आणि मोरातही आहे.

केळकरांचं घर चष्म्यांच्या धंद्यातलं. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) मात्र ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचं जे वेड लागलं ते अखेरपर्यंत सुटलं नाही. संग्रहालयाच्या नावातला ‘राजा’ कुठल्या संस्थानचा अधिपती नाही. तो केळकरांचा मुलगा. तो लहानपणीच गेला आणि बापानं पुढचं आयुष्य त्याच्या नावानं वस्तू गोळा करण्यात घातलं. पत्नी कमलाबाई या वेडात बरोबरीनं सामील होत्या. वनिता कक्ष बघताना ते जाणवतं. फणेरपेटी, करंडे, कुंकवाच्या कोयऱ्या यांच्याकडे इतक्या बारकाईनं बघायला घरातल्या बाईची नजर लागते. १९६० पर्यंत संग्रह १५ हजार वस्तूंच्या घरात गेला होता. १९६२ साली संग्रहालय रीतसर उभं राहिलं आणि १९७५ साली केळकरांनी ते राज्य शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन केलं. आज इथं २० हजारांहून अधिक वस्तू आहेत आणि मांडलेल्या आहेत सुमारे २,५००. बहुतेक वस्तू अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या, म्हणजे आपल्या खापरपणजीच्या हातातल्या.

त्या तिच्या हातून सुटून इथवर आल्या कशा, हा इतिहासही सांगण्यासारखा आहे. पुण्यातले वाडे एका दिवसात पडले नाहीत. भाऊ वेगळे झाले, माजघरात भिंत आली, देवघर एकाच्या वाट्याला गेलं आणि दुसऱ्यानं स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात फोटो लावला. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले कित्येक वाडे एका दुपारी चिखलात बसले. त्याच सुमाराला घराघरात स्टेनलेस स्टील शिरलं. पितळेला कल्हई लागते, चिंच लागते, मनगटात जोर लागतो. स्टीलला नुसतं पाणी पुरतं. पितळ मोडीत निघालं. मोडीच्या दुकानात घंगाळाला आणि समईला एकच भाव, किलोचा. तिथं नक्षीचे पैसे मिळत नाहीत, उलट लाखेचं वजन वजा होतं. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात आजही कोपऱ्यात पथारीवर घंटा, पळी आणि स्क्रू ड्रायव्हर शेजारी शेजारी पडलेले दिसतील. केळकरांसारखा माणूस मध्ये उभा राहिला नसता तर यातलं पुष्कळसं भट्टीत गेलं असतं आणि त्याचे नळ झाले असते.

आता देवांकडे येऊ. वाड्यातला पहिला देव देवघरात नसतो, दारावर असतो. चौकटीच्या वरच्या पट्टीवर मधोमध कोरलेला गणपती, म्हणून तिला गणेशपट्टी म्हणतात. संग्रहातली कोरीव दारं बघताना बहुतेकांची नजर वेलबुट्टीवर फिरते. मी म्हणेन, त्या गणपतीच्या पोटाकडे बघा. सणासुदीला लावलेलं शेंदूर-कुंकू, पुसलेलं तेल, पुन्हा लावलेलं कुंकू यांनी तिथलं लाकूड कसं गुळगुळीत आणि काळंभोर होतं ते दिसेल. सुताराच्या छिन्नीचे काठ पट्टीच्या टोकांना जसे धारदार राहतात तसे मधे राहत नाहीत. मधे पिढ्यान्‌पिढ्यांची बोटं फिरलेली असतात.

झीज हा आपल्या धार्मिक कलेचा अर्धा भाग आहे, असं माझं मत या वाड्यात पक्कं झालं. ओताऱ्यानं मेणाची मूर्ती करावी, मातीत लिंपावी, मेण गाळून पितळ ओतावं, कानशीनं नाक-डोळे काढावेत. त्याचं काम तिथं संपतं आणि घरातल्या बायकांचं सुरू होतं. रोजचं स्नान, गंध, पुसणं. दर सणाला चिंच आणि राख लावून घासणं. शंभर वर्षांत बाळकृष्णाच्या हातातला लोण्याचा गोळा सपाट होतो, अन्नपूर्णेच्या पळीची दांडी बारीक होते, नाक बसतं, डोळे पुसले जातात. मग कोणी तरी हौसेनं चांदीचे डोळे बसवून आणतं. कोरीव नाक-डोळ्यांची, कडक रेषांची पितळी मूर्ती दिसली की समजावं, हिची पूजा फारशी झालेली नाही. चेहरा हरवलेली दिसली की समजावं, ही भरल्या घरातली आहे. पुराणवस्तूंच्या बाजारात मात्र याच्या उलट भाव चालतो. तिथं नाकाला किंमत असते.

या झिजेचं शेवटी काय करायचं, याचा बंदोबस्त परंपरेनं केलेला होता, आणि त्यात संग्रहालय नव्हतं. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवायची नाही, पाण्यात सोडायची. टाकांचं तर आणखी सोपं. खंडोबाचा, भवानीचा, घरातल्या वीराचा टाक म्हणजे चांदीचा तळहाताएवढा किंवा त्याहून लहान पत्रा, ठशावर ठोकून उठवलेला. खंडोबाच्या टाकात घोडा, मागे म्हाळसा, हातात तलवार, पायाशी कुत्रा, आणि हे सगळं दोन इंचांत. धनगरांच्या, मराठ्यांच्या घरांतून हे टाक देवभेटीला जेजुरीला नेतात. झिजून सपाट झाले की तीच चांदी सोनाराकडे देऊन नवे घडवतात. भाऊ वेगळा झाला की त्याचा नवा संच होतो. म्हणजे जुनं जपावं ही कल्पनाच इथं नाही. देव जुना होत नाही, पत्रा जुना होतो, आणि तो बदलता येतो. कलेच्या इतिहासकाराला हे ऐकून कापरं भरेल, पण ठसे जिवंत राहिले ते याच व्यवस्थेमुळे. दर पिढीला नवे टाक लागत गेले म्हणून ते घडवणारे हातही टिकले.

मग केळकरांनी केलं ते काय? विसर्जन आणि मोड या दोहोंच्या मधे त्यांनी तिसरी वाट काढली. इथं आलेल्या वस्तूची झीज थांबते. तिला आता कोणी घासत नाही, तेल घालत नाही, हळद लावत नाही. संग्रहालयशास्त्राला हेच हवं असतं, आणि देवघराला नेमकं हेच नको असतं. हा तिढा कुठल्याही काचेनं सुटत नाही. मी उभा असताना एक आजी पायातल्या चपला काढून भिंतीकडेला ठेवत होत्या. काढायची गरज नाही, असं त्यांना नातवानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि अनवाणीच पुढे गेल्या. मला त्या दोघांचंही पटलं.

या वाड्यात मी सगळ्यात जास्त रेंगाळतो ते दिव्यांपाशी. केळकरांचाही जीव त्यांच्यात होता. भारतातल्या दिव्यांवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेलं पुस्तक केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागानं १९६१ साली काढलं. इथं समया आहेत, लामणदिवे आहेत, पंचारत्या आहेत, ओंजळीत दिवा धरून उभ्या दीपलक्ष्मी आहेत. मोर, हंस, हत्ती, नाग यांनी दिव्याचा एकही भाग मोकळा सोडलेला नाही. समईच्या टोकावरचा मोर शोभेचा वाटतो, पण तो पकडायला असतो. तेलकट हातानं समई उचलायची तर बोटांना काही तरी खाच हवी. वातीच्या चोचीखाली पन्हळ असते, ओघळलेलं तेल पुन्हा वाटीत जावं म्हणून. ठिबकलेलं तेल खालच्या ताटलीत पडतं आणि ताटलीतलं सकाळी पुन्हा वर जातं. कोकणातली माझी आजी या तेलाचा थेंबही वाया जाऊ देत नसे. कलाकुसर आणि काटकसर यांचं इतकं जमलेलं लग्न मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

लामणदिवा नीट बघण्यासारखा असतो. त्याच्या साखळीतली प्रत्येक कडी वेगळी: एकीत हत्ती, एकीत गंडभेरुंड, एकीत नुसता गोफ. खाली टांगलेली वाटी, तिच्या कडेला पाच किंवा सात चोची. कडी जिथं दुसऱ्या कडीत अडकते तिथं आतल्या बाजूला बघा; पितळ तिथं निम्मं झालेलं असतं. रोज तेल घालायला दिवा खाली घ्यायचा, पुन्हा चढवायचा, वाऱ्यानं तो हलायचा. लग्नात लामणदिवा हातात घेऊन मागे उभं राहतात; आता तोही भाड्यानं आणलेला असला तरी चालतं.

काही झुलत्या दिव्यांमध्ये तर आतून यंत्र असतं. हत्ती किंवा पक्षी पोकळ असतो; तो उलटा करून तेलानं भरायचा आणि मग वाटीवर बसवायचा. त्याच्या पोटाखालच्या नळीतून तेल वाटीत उतरतं. वाटीतलं तेल नळीच्या तोंडापर्यंत आलं की नळीत हवा शिरायची वाट बंद होते आणि तेल आपोआप थांबतं. वात जळत जाते, तेलाची पातळी खाली जाते, नळीचं तोंड उघडं पडतं, हवेचा एक बुडबुडा आत आणि तेलाचा एक थेंब बाहेर. रात्रभर कोणी उठायला नको, नंदादीप विझत नाही. जोगेश्वरीच्या लेण्यांत सापडलेला हत्तीचा दिवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तो या जातीचा सरदार. शाळेत हवेचा दाब शिकवताना मास्तरांनी तो दाखवला असता तर माझे दोन मार्क वाढले असते. आता जी मंडळी ‘आपल्याकडे विज्ञान होतंच’ म्हणून छाती फुगवतात त्यांनी आणि ‘सगळं अंधश्रद्धेचं सामान’ म्हणून नाक मुरडतात त्यांनीही या दिव्यासमोर पाच मिनिटं उभं राहावं. ज्या कारागिरानं हे केलं त्याला दोन्ही वादांशी देणंघेणं नव्हतं. रात्री तेल घालायला उठावं लागू नये, एवढीच त्याची अडचण होती.

काचेवरची चित्रं मात्र न झिजणारी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चिनी चित्रकारांच्या हातून हे तंत्र पश्चिम किनाऱ्यावर आलं आणि मराठी सरदारांच्या वाड्यांत रुजलं. चित्र काचेच्या मागच्या बाजूनं काढायचं, आणि क्रम सगळा उलटा: आधी नथीचा मोती, डोळ्यातली बाहुली, दागिन्यांच्या सोनेरी कडा, मग चेहरा, मग लुगडं, सगळ्यात शेवटी पार्श्वभूमी. कागदावर चुकलेला डोळा शेवटी सुधारता येतो. इथं डोळा चुकला तर चित्र गेलं. डावं-उजवं बदलतं ते वेगळंच. यातल्या देवींचे चेहरे गोल, गाल पेढ्यासारखे भरलेले आणि नजर थेट समोर. या चित्रांना हात लावता येत नाही, गंध लावलं तर ते काचेवर बसतं. कदाचित म्हणूनच ती दिवाणखान्यात राहिली, देवघरात त्यांचा जम बसला नाही. मला ती देखणी वाटतात, पण त्यांच्यापाशी फार वेळ थांबावंसं वाटत नाही.

त्याउलट चित्रकथी. कागदावर रंगवलेली रामायण-महाभारतातली प्रसंगचित्रं, मोठे डोळे, एका बाजूला वळलेले चेहरे, अंगावर ठसठशीत दागिने. केळकर संग्रहातली ही चित्रं बरीच वर्षं ‘पैठण चित्रं’ म्हणून ओळखली गेली. परदेशी अभ्यासकांनी त्याच नावानं त्यांच्यावर लिहिलं. अशाच चित्रांच्या पोथ्या सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत, ठाकर समाजाच्या घरांत नांदत होत्या, हे नंतर ध्यानात आलं. सावंतवाडीच्या भोसल्यांचा या कलावंतांना आश्रय होता. चित्रकथी हा बघायचा प्रकार नाही, ऐकायचा आहे. कथेकरी मांडी घालून बसतो, एकेक चित्र पुढे धरतो आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीवर गोष्ट सांगतो. रावण पडला की चित्र उलटायचं. त्यामुळे जुन्या चित्रांची खालची कड अंगठ्याच्या घामानं मळकी, मऊ झालेली असते. राम-लक्ष्मणाच्या पायांशी पडलेला तो डाग संग्रहालयाच्या दृष्टीनं खराबी. मला त्यात कथेकऱ्याची सही दिसते.

पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात या कलेचं संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथं तुम्ही गेलात तर चित्र दाखवतात आणि लगेच पोथी काढून कथा लावतात, कळसूत्री बाहुल्या नाचवतात. एकाच चित्राची ही दोन घरं बघायला हवीत: पुण्यातल्या वाड्यात ते सुखरूप आहे, पिंगुळीच्या गोठ्यात त्याला आवाज आहे. दोहोंतलं एक निवडायची वेळ आली तर मी गोठा निवडेन, पण वाडा नसता तर बाहेरच्या जगाला गोठ्याचा पत्ता फार उशिरा लागला असता, हेही खरं.

धार्मिक वस्तूनं कूस बदलूनही कामावर राहण्याची उदाहरणं आपल्याकडे आहेत, म्हणून संग्रहालयाबाहेरचा एक दाखला देतो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर अशी एक घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, आणि ती शंकराच्या देवळापाशी टांगलेली आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा १७२१ ची. मेणवलीच्या घंटेवरची मेरी कोणी कानशीनं घासली नाही आणि कोणी या घंटा काचेतही ठेवल्या नाहीत. देवळापाशी त्या आजही टांगलेल्या आहेत. मेणवलीच्या वाड्यात भिंतींवर गणपती आणि कृष्णलीला रंगवलेल्या आहेत. तो वाडा बघाल तेव्हा मागचा घाटही उतरा.

नातूबागेत परत येऊ. इथंच मस्तानी महाल आहे. कोथरूडला बाजीरावांनी मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेष आणून केळकरांनी तो इथं उभा केला. गर्दी तिथंच असते. झुंबरं आहेत, आरसे आहेत, बाजीराव-मस्तानीवरच्या सिनेमानंतर तर विचारायलाच नको. मी त्याबद्दल अधिक लिहीत नाही; तो महाल स्वतःची जाहिरात करायला समर्थ आहे.

माझं म्हणणं वेगळं आहे. आपल्याकडच्या बहुतेक संग्रहालयांत वस्तूखाली लिहितात: पितळ, एकोणिसावं शतक, महाराष्ट्र. हे बरोबर असतं आणि त्यानं काही कळत नाही. ही समई रोजची की फक्त गौरींची? ही घंटा शैव घरातली की वैष्णव? घंटेच्या दांड्यावर नंदी की गरुड, यावरून ते कळतं. मग तेवढं सांगायला काय हरकत आहे? हा दिवा कुठं टांगलेला होता, वात कापसाची की चिंधीची, कोणत्या तिथीला पाच वाती आणि कोणत्या दिवशी एक, हे जाणणाऱ्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत. त्यांना दर आठवड्याला या दालनांतून हिंडवावं आणि त्या बोलतील ते टिपून घ्यावं. त्याला पैसा फार लागत नाही, वेळ मात्र थोडाच उरला आहे. बावधनला मोठी जागा घेऊन हा संग्रह विस्तारायची योजना फार जुनी आहे. ती पुरी होईल तेव्हा होवो; टिपणवही आजही सुरू करता येते.

आणि ती वही फक्त संग्रहालयानं ठेवायची असंही नाही. सण जवळ आला की घराघरात माळ्यावरची पितळी भांडी खाली येतात. आम्ल असलेली चकचकीत करणारी पूड लावून ती घासण्याआधी समईची बैठक उलटून बघा. पुष्कळ समयांवर नाव घातलेलं असतं: माहेरचं आडनाव, गाव, एखादं साल, कोणाच्या तरी लग्नाची आठवण. ती अक्षरं आधीच पुसट झालेली असतात आणि तारेच्या घासणीला ती वाचता येत नाहीत. नाव वाचा, फोटो काढा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून तीन-चार ओळी कागदावर लिहा: कोणाची, कुठून आली, कधी लावायची. समईचे भाग आट्यांनी एकमेकांत बसतात आणि दांडा बहुधा पोकळ असतो. तिथं तो कागद गुंडाळून ठेवता येतो. मोडीत द्यायचीच ठरली, तर आधी भावंडांना विचारा आणि मग जवळच्या संग्रहालयात एक फोन करून बघा.